घनता पास, इंधन नापास: भोसरीतल्या एका जनसेटचं प्रकरण

भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम मशीन शॉपमध्ये २५० केव्हीएचा जनसेट आहे. २०२४ मध्ये बसवलेला, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सीपीसीबी ४ प्लस या उत्सर्जन निकषांतला: कॉमन रेल इंजेक्शन (एकाच सामायिक नळीत, म्हणजे रेलमध्ये, उच्च दाबाने डिझेल भरून तिथून सगळ्या इंजेक्टरना देणारं), सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक, म्हणजे ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट, आणि त्यापुढे युरियाचं द्रावण फवारून धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणारी एससीआर. मे महिन्यात वळवाचे पाऊस सुरू झाले, लाइट रोज जायला लागली आणि पाच आठवड्यांत सेट सुमारे ७५ तास चालला. याच काळात मालकांनी पंपावरून डिझेल आणणं बंद केलं आणि दारात माल पोचवणाऱ्या एका पुरवठादाराकडून २०० लिटरचे १५ ड्रम घेतले. दर पंपापेक्षा लिटरमागे ११ रुपयांनी कमी होता.

बिघाड चढत्या भाजणीने आला. ३८ तासांना दुय्यम फिल्टर चोंदला. नवा घातला, तो १४ तासांत गेला. तिसरा ९ तासांत. या फिल्टरची मुदत ५०० तासांची आहे. साठ तासांनंतर लोड ७० टक्क्यांच्या वर गेला की पॅनेलवर रेल प्रेशर कमी असल्याचा इशारा यायचा आणि सेट ट्रिप व्हायचा. धूर काळा झाला. शेवटच्या आठवड्यात एससीआरचाही दिवा लागला. पण सगळ्यात बोलकं लक्षण ऑपरेटरने सहज सांगितलं, तेही कोणी विचारलं नसताना: इंजिन ऑइलच्या दांडीवरची पातळी बोटभर वर आली होती. चालणाऱ्या इंजिनात ऑइल हळूहळू कमी होत जातं. ते वाढत असेल तर बाहेरून काहीतरी येतंय, आणि पाणी नसेल तर ते इंधनच.

सर्व्हिसवाल्याचं बोट टाकीकडे होतं. "साहेब, टाकीत गाळ बसलाय. खरवडून घ्या, मग बघा फिल्टर किती टिकतोय ते." टाकी ९९० लिटरची, लोखंडी. (१००० लिटरपेक्षा मोठं भांडं नको आणि एकूण साठा २५०० लिटरच्या आत हवा, ही डिझेलच्या वर्गासाठी विनापरवाना साठवणीची मर्यादा, त्यामुळे कारखान्यांतल्या टाक्या ९९० च्याच दिसतात.) टाकी उघडली तेव्हा तळाला राखाडी, बोटाला गुळगुळीत लागणारा लगदा निघाला. गंजाचा तांबूस गाळ वेगळा दिसतो. पावसाळी ओलाव्याने डिझेलमध्ये जंतू वाढतात तेव्हा तळाला काळपट, बुळबुळीत साय धरते आणि आंबूस वास येतो. तेही इथे नव्हतं. वॉटर सेपरेटरच्या वाटीत पाण्याचा थेंब नव्हता. म्हणजे हा गाळ टाकीत तयार झाला नव्हता, बाहेरून आला होता.

पुरवठादाराला बोलावलं. तो बिनधास्त होता. "शेठ, रंग बघा, धार बघा. हायड्रोमीटर लावा पाहिजे तर. पंपावरचंच आहे, कंपनीच्या कोट्यातलं म्हणून स्वस्त पडतं."

हायड्रोमीटर, म्हणजे तेलात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी, लावला. ड्रममधल्या तेलाचं तापमान ३४ अंश सेल्सियस, वाचन ०.८११५. घनता नेहमी १५ अंशांना आणून बोलायची असते आणि डिझेलच्या पट्ट्यात दर अंशाला साधारण ०.०००७ ची भर घालावी लागते. १९ अंशांचे ०.०१३३. म्हणजे १५ अंशांना सुमारे ०.८२५, किंवा घनमीटरला ८२५ किलो. बाजारातलं डिझेल साधारण ८२० ते ८४५ मध्ये असतं. पास. पुढे प्रयोगशाळेत ४० अंशांची व्हिस्कॉसिटी, म्हणजे तेलाचा दाटपणा, ३.१ सेंटिस्टोक आली. मानकाची मर्यादा २ ते ४.५. तीही पास. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेटते ते, ४१ अंश. आपल्याकडे वाहनांच्या डिझेलला किमान ३५ लागतो. तोही पास. पाणी १४० पीपीएम (दहा लाख भागांत १४०), मर्यादा २०० ची. पुरवठादाराचा आत्मविश्वास उगाच नव्हता.

पंपावर घनता तपासतात ती कशासाठी, हे इथे नीट पाहिलं पाहिजे. टँकर येतो तेव्हा त्याच्या चलनावर डेपोने १५ अंशांची घनता लिहिलेली असते. पंपचालक टँकरमधला नमुना काढून मोजतो आणि फरक घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त आला तर माल उतरवून घेत नाही. ती परीक्षा तुलनेची आहे: डेपोतून निघालं तेच इथे आलं का? ड्रमबरोबर कोणतंही चलन नव्हतं, मूळ आकडा नव्हता. मग ८२५ हा आकडा एवढंच सांगतो की आतल्या सगळ्या घटकांची सरासरी ८२५ आहे. आजोबा आणि नातवाच्या वयाची सरासरी काढली तर बापाचं वय येतं. त्यावरून बाप घरात आहे असं ठरत नाही.

नेमका बाप घरात नव्हता, हे ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे तेल उकळून त्याचे अंश वेगळे करण्याच्या चाचणीत कळलं. चाचणी साधी आहे. १०० मिलिलिटर नमुना काचेच्या चंबूत घ्यायचा, ठरलेल्या वेगाने तापवायचा, वाफ थंड करून मोजपात्रात जमवायची आणि दर टप्प्याला वाफेचं तापमान लिहायचं. ताडून पाहायला भोसरीतल्याच पंपावरचा नमुना बरोबर लावला होता.

पंपाचं डिझेल: उकळायला सुरुवात १६८ अंशांना, १० टक्के २१२ ला, ३० टक्के २५२ ला, निम्मं २७८ ला, ९० टक्के ३३८ ला, ९५ टक्के ३५४ ला. सलग, सावकाश चढण.

ड्रममधलं: सुरुवात १५८, १० टक्के १८२, ३० टक्के २०८, निम्मं २४६. इथवर ते केरोसीनसारखं वागतं. मग ६० टक्क्यांना २९७ आणि ७० टक्क्यांना एकदम ३५८. ७४ टक्के जमेपर्यंत पारा ३७२ वर गेला, चंबूत पांढरी वाफ भरली आणि पारा चढायचा सोडून खाली डुलायला लागला. म्हणजे तेल उकळायच्या ऐवजी फुटायला लागलं. चाचणी थांबवली. उरलेलं चतुर्थांश तेल चंबूतच राहिलं. सीटेन इंडेक्स, म्हणजे डिझेल किती चटकन पेट घेतं त्याचा अंक, काढायलाही १०, ५० आणि ९० टक्क्यांची तापमानं लागतात. ९० चा आकडाच नसल्याने ते गणित मांडताच आलं नाही.

हा आलेख वाचायचा तर डिझेल कुठून येतं ते डोळ्यांसमोर असावं लागतं. पुण्याचं डिझेल बहुतेक मुंबईकडून येतं: माहुलच्या परिसरातल्या शुद्धीकरण कारखान्यांतून निघून पाइपलाइनने घाट चढून लोणी काळभोरच्या डेपोत, आणि तिथून टँकरने पंपावर. कारखान्यात कच्च्या तेलाला आधी धुतात. १२० ते १५० अंशांना त्यात थोडं पाणी घोटून उच्च दाबाच्या विजेच्या क्षेत्रातून नेतात, म्हणजे थेंब एकत्र येऊन खाली बसतात आणि मीठ घेऊन जातात. हे नीट झालं नाही तर मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या क्लोराइडांपासून भट्टीच्या उष्णतेत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि तेलाचे अंश वेगळे करणाऱ्या उंच स्तंभाचा माथा खाऊन टाकतं. धुतलेलं तेल भट्टीत ३५० ते ३७० अंशांपर्यंत तापवून स्तंभाच्या तळाशी सोडतात. वाफ वर चढते, वरून थंड द्रव उतरत असतो, आणि मधल्या तबकांवर दोघांची देवाणघेवाण होत राहते. माथ्यावरून वायू आणि नॅफ्था (पेट्रोलसारखा हलका अंश), त्याखालून केरोसीन, त्याखालून डिझेल. केरोसीनचा पट्टा साधारण १५० ते २७०, डिझेलचा त्याच्यात थोडा शिरून ३६० च्या आसपास संपणारा.

बाजूने काढलेल्या प्रत्येक प्रवाहात वरच्या शेजाऱ्याचा हलका अंश आलेला असतो. म्हणून तो स्ट्रिपर नावाच्या छोट्या स्तंभात नेऊन खालून पाण्याची वाफ सोडतात. हलका अंश परत मुख्य स्तंभात जातो. डिझेलचा फ्लॅश पॉइंट इथे ठरतो.

तळाला उरतं ते ३५०-३६० च्या वर उकळणारं. ते आणखी तापवून चालत नाही, कारण त्या पुढे रेणू तुटायला लागतात आणि भट्टीच्या नळ्यांत कोक, म्हणजे कोळशासारखा कडक थर, धरतो. प्रयोगशाळेत ३७२ ला पारा डुलला त्याचं कारण हेच. कारखान्यात यावरचा उपाय म्हणजे दाब उतरवणं: दुसरा स्तंभ निर्वातात चालतो, पाऱ्याच्या काही दहा मिलिमीटर दाबावर, आणि जड तेल न तुटता उकळतं. या निर्वात स्तंभाच्या जड तेलातून काही भाग जड रेणू तोडून हलकी इंधनं बनवणाऱ्या क्रॅकरकडे जातो आणि काही भाग शुद्ध करून, मेण काढून वंगणाचं बेस ऑइल बनतो. इंजिन ऑइलचा मुख्य घटक तोच.

आता ड्रमचा आलेख पुन्हा पाहा. पहिला अर्ध्याहून जास्त भाग पहिल्या स्तंभाच्या केरोसीन पट्ट्यातला. शेवटचा भाग दुसऱ्या, निर्वात स्तंभातला. २७० ते ३५० हा खरा डिझेलचा गाभा. पंपाच्या नमुन्यात या टप्प्यात निम्म्याच्या आसपास माल निघतो, ड्रममध्ये जेमतेम १३-१४ टक्के, आणि तोही दोन टोकांच्या शेपट्या एकमेकींत मिसळल्यामुळे. हिशोबही जुळतो. केरोसीन जातीचं सॉल्व्हंट ७९५ घनतेचं ६० टक्के, हलकं बेस ऑइल ८७० चं ४० टक्के: ४७७ अधिक ३४८, बरोबर ८२५. व्हिस्कॉसिटी तशी सरळ सरासरीने येत नाही, तिचं गणित लॉगॅरिदमचं आहे. पण सव्वा आणि तीस सेंटिस्टोकची दोन तेलं या प्रमाणात मिसळली की ३ च्या आसपासच येतात. फ्लॅश पॉइंट तर हलक्या घटकाच्या मर्जीवर चालतो. तीन चाचण्या पास होणं हा योगायोग नव्हता, मिश्रण त्याच बेताने जुळवलेलं होतं.

राखाडी लगदा मात्र या हिशोबात बसत नव्हता. नवं बेस ऑइल काचेसारखं स्वच्छ असतं. लगद्याची मूलद्रव्यं तपासली तेव्हा सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम भरपूर सापडलं. हे दोन घटक एकत्र दिसले की तीन संशयित असतात. एक, रस्त्याची धूळ. दोन, कारखान्यातल्या कॅटॅलिटिक क्रॅकरच्या उत्प्रेरकाची भुकटी. तो झिओलाइटचा, म्हणजे सिलिका-अॅल्युमिनाचाच असतो आणि त्याचे बारीक कण क्रॅकरच्या तळाच्या तेलातून फर्नेस ऑइलमध्ये उतरतात. तीन, तेलाचा रंग उतरवायला वापरतात ती शोषक माती.

फर्नेस ऑइल मिसळलं असतं तर व्हॅनेडियम आणि निकेलही सापडले असते, कारण कच्च्या तेलातले हे धातू उकळून वर येत नाहीत, तळाच्या काळ्या भागातच राहतात. इथे दोन्ही जवळपास शून्य. दुसरा संशयित सुटला. धूळ असती तर कण भरड आणि लहानमोठे असते. हे सगळे मैद्यासारखे बारीक होते. शिवाय तेलात काही पीपीएम झिंक, फॉस्फरस आणि कॅल्शियम सापडलं. एकटं झिंक असतं तर गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या भांड्यावर बोट ठेवता आलं असतं. तिघं एकत्र येतात ते इंजिन ऑइलच्या अॅडिटिव्हमधून. म्हणजे जड घटक नव्या बेस ऑइलचा नव्हता: गॅरेजमधून गोळा केलेलं जुनं ऑइल, मातीने रंग उतरवून पुन्हा पिवळसर केलेलं, आणि माती नीट न गाळलेली. फिल्टर चोंदत होता तो या मातीने. सर्व्हिसवाला गाळाबद्दल बरोबर बोलत होता, फक्त टाकी कितीही खरवडली तरी पुढचा ड्रम तोच गाळ घेऊन येणार होता.

शेवटचा आकडा गंधकाचा. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ (भारत स्टेज ६ या उत्सर्जन निकषांतल्या) डिझेलची मर्यादा १० पीपीएम आहे. ड्रममध्ये १४०० निघालं. आखाती कच्च्या तेलातून थेट उकळून काढलेल्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे दहा हजार पीपीएम असू शकतं. ते दहावर आणायला कारखान्यात कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावर, साडेतीनशे अंशांच्या आसपास, चांगल्या दाबाखाली हायड्रोजन खेळवावा लागतो. पहिले ९५ टक्के गंधक तुलनेने मुकाट्याने निघतं. शेवटचं थोडं अशा रेणूंत दडलेलं असतं की उत्प्रेरकाचा हात तिथे पोचत नाही, आणि खर्च सगळा त्यासाठी. या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही जातो, म्हणून वरून तो वाढवणारं अॅडिटिव्ह घालतात. ड्रममधल्या तेलाने यातली एकही पायरी पाहिलेली नव्हती. स्वस्त पडायचं एक कारण हे.

इंजिनात काय घडलं ते आता सरळ लागतं. फवाऱ्यातला हलका भाग लगेच वाफ होऊन पेट घेतो, म्हणून सुरू होताना सेटने कधी कुरकुर केली नाही. जड भाग मोठ्या थेंबांच्या रूपात उशिरा जळतो, अर्धवट जळतो, नोझलच्या तोंडावर कोक धरतो. रात्रपाळीत लोड ३० टक्क्यांवर असायचा. तेव्हा सिलिंडर पुरेसा तापत नाही आणि न जळलेलं तेल भिंतीवरून रिंगांच्या फटीतून खाली उतरतं. त्यातलं केरोसीन गरम सम्पमधून, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यातून, उडून जातं, जड भाग तिथेच राहतो. दांडीवरची पातळी वर आली ती यामुळे. फिल्टरमधून निसटलेली माती इंजेक्टरमध्ये गेली, जिथे फटी काही मायक्रॉनच्या असतात. सहांपैकी चार इंजेक्टरचा रिटर्न प्रवाह, म्हणजे न फवारता टाकीकडे परत जाणारं इंधन, मर्यादेबाहेर निघाला. इंजिनाच्या इंधन पंपाने दिलेला दाब तिथून गळत होता, म्हणून जास्त लोडला रेल प्रेशर पडत होतं. कॅटॅलिस्टवर गंधकाचा थर बसला तो जास्त तापमानाला चालवून बराचसा उतरतो. फॉस्फरस आणि झिंकचा थर उतरत नाही. कॅटॅलिस्ट किती वाचला हे काही महिन्यांनी उत्सर्जन मोजल्यावरच कळेल.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा होता, कारण घाईत आधी इंजेक्टर बदलले असते तर नळ्यांतल्या मातीने नवेही घासले असते. म्हणून आधी टाकी रिकामी. मॅनहोल उघडून दिवसभर हवा खेळू दिली, आत हॅलोजन सोडला नाही. ४१ अंश फ्लॅश पॉइंटच्या तेलाची वाफ उन्हाने तापलेल्या टाकीत पेट घ्यायला पुरते. आतून पुसायला धागे न सुटणारं कापड, कॉटन वेस्ट नाही. मग पंपाचं ४० लिटर डिझेल सगळ्या नळ्यांतून फिरवून बाहेर काढलं, दोन्ही फिल्टर नवे घातले, आणि त्यानंतर इंजेक्टर. इंजिन ऑइल दोनदा बदललं: एकदा लगेच, दुसऱ्यांदा दहा तास चालवून. सगळं मिळून बिल पावणेतीन लाखांच्या घरात गेलं. १५ ड्रमवर वाचले होते ३३ हजार.

तक्रारीची बाजू लंगडी पडली, आणि त्याचं कारण बिलात आहे. बिलावर डिझेल असा शब्दच नव्हता. 'इंडस्ट्रियल ऑइल' लिहिलं होतं आणि १८ टक्के जीएसटी लावलेला होता. डिझेल जीएसटीत येत नाही. कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन आणि नैसर्गिक वायू या पाच वस्तूंवर अजून राज्याचा व्हॅट आणि केंद्राचा अबकारी करच चालतो. जीएसटीचं बिल हातात आलं तेव्हाच माल डिझेल नाही हे कागदावर सिद्ध होतं. हिशोबनिसाने उलट इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा होतो, म्हणून ते आनंदाने फाइलला लावलं. पुरवठादार म्हणू शकतो की मी जे लिहिलं तेच विकलं, इंजिनात घाला असं मी कुठे लिहून दिलं? तरीही मालकांनी न उघडलेल्या ड्रममधला नमुना स्वच्छ अॅल्युमिनियमच्या बाटल्यांत, वर थोडी जागा ठेवून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी सील करून पुरवठा विभागाकडे अर्ज दिला. उघड्या ड्रमच्या नमुन्याला अशा वेळी किंमत नसते.

उरले तीन ड्रम. मालकांची सूचना अगदी व्यवहारी होती: "थोडं थोडं पंपाच्या डिझेलमध्ये मिसळून संपवू या ना." गणित करून दाखवलं. पंपाचं डिझेल ८ पीपीएम गंधकाचं धरलं तर १४०० पीपीएमचं एक लिटर १० वर आणायला सुमारे ६९५ लिटर लागतं. ६०० लिटरसाठी चार लाख लिटरच्या वर. आणि माती तरी उरतेच. ते ड्रम शेवटी घातक कचऱ्याची अधिकृत परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याने नेले, वजन करून, पावती देऊन. आता सेटला येणारं डिझेल चलनासकट येतं. चलनावरची घनता, ऑपरेटरने मोजलेली घनता आणि तापमान असे तीन रकाने वहीत भरले जातात, आणि प्रत्येक खेपेची एक लिटर बाटली पुढची खेप संपेपर्यंत फडताळात ठेवली जाते.